कर्जतचा विद्यार्थी खरोखर समाधानी आहे काय?

शैक्षणिक वर्ष संपत आले की महाविद्यालयांतून एक अहवाल तयार होतो. त्याचे नाव ‘विद्यार्थी समाधान सर्वेक्षण’. त्यात रंगीत वर्तुळे असतात, उंच-ठेंगणे स्तंभ असतात आणि त्यांच्याखाली टक्केवारी असते. अध्यापनाबद्दल समाधान, ग्रंथालयाबद्दल समाधान, व्यक्तिमत्त्व विकासाबद्दल समाधान! असे अहवाल वाचले की ग्रामीण महाराष्ट्रातल्या उच्च शिक्षणात आता काही करायचे उरलेच नाही, असे वाटू लागते. मग जून महिन्यात प्रवेश घेतलेली मुले फेब्रुवारीत वर्गात का दिसत नाहीत, आणि पदवी हातात आलेला पोरगा तालुक्याच्या चौकात का उभा असतो, हे कोडे सुटत नाही.

म्हणून चार साधे प्रश्न विचारले पाहिजेत. समाधान विचारतो कोण? विचारले काय जाते? उत्तर कोण देतो? आणि त्या उत्तराचे पुढे होते काय? अहिल्यानगर जिल्ह्यातला कर्जत तालुका समोर ठेवून आपण हे प्रश्न तपासू. कर्जतचे नाव घेतले म्हणून हा लेख कोणा एका महाविद्यालयाविरुद्ध आहे, असे कृपया कोणी समजू नये. प्रश्न पद्धतीचा आहे आणि ती साऱ्या देशाला लागू आहे.

महाविद्यालयांचे मूल्यमापन करणारी ‘नॅक’ ही संस्था 1994 साली स्थापन झाली. 2017 साली तिने मूल्यमापनाची नवी चौकट आणली आणि तीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाला स्थान दिले. एकूण 1000 गुणांपैकी 50 गुण त्याला मिळाले. वीस प्रश्न पर्यायांचे, शून्य ते चार अशा गुणांचे. आणि एकविसावा प्रश्न मोकळा, ज्यात विद्यार्थ्याने सुधारणेसाठी तीन सूचना लिहायच्या. विद्यार्थ्याला विचारले जाते, ही गोष्ट आम्ही चांगलीच मानतो. ज्या देशात हजारो वर्षे शूद्राने आणि स्त्रीने फक्त ऐकायचे, विचारायचे नाही, असा दंडक होता, तिथे गुरूच्या शिकवण्याला शिष्याने गुण द्यायचे, ही लहान क्रांती नव्हे. पण क्रांतीचा नुसता फॉर्म भरून घेतला म्हणजे क्रांती होत नाही.

आता उत्तर देणारा कोण ते पाहा. महाविद्यालयाकडून एकूण विद्यार्थ्यांच्या दहा टक्के किंवा शंभर, यांतील जी संख्या कमी असेल तेवढी उत्तरे आली तरी चालते. म्हणजे तीन हजार मुलांच्या महाविद्यालयात शंभर उत्तरे पुरेशी! इंग्लंडमध्ये 2005 सालापासून असेच राष्ट्रीय सर्वेक्षण होते. तिथे निम्म्या विद्यार्थ्यांनी उत्तर दिल्याशिवाय संस्थेचा निकाल जाहीर करत नाहीत. 2017 साली तिथल्या विद्यार्थी संघटनांनी सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला, तेव्हा नामवंत विद्यापीठांचेही निकाल अडले. आपल्याकडे शंभरांत काम भागते. हे शंभर कोण? ज्यांच्याकडे स्वतःचा मोबाईल आहे, ज्यांचा ई-मेल चालू आहे, जे रोज येतात आणि जे प्राध्यापकांच्या नजरेसमोर आहेत. उसाच्या तोडीला आई-बापाबरोबर गेलेला, आठवड्यातून तीन दिवस मजुरीला जाणारा, परीक्षेपुरता उगवणारा विद्यार्थी या शंभरांत कुठून येणार? आणि दरवर्षीचे अंतर्गत सर्वेक्षण तर महाविद्यालय स्वतःच घेते. ज्याच्याबद्दल विचारायचे तोच विचारणार आणि तोच मोजणार!

काय विचारले जाते? अभ्यासक्रम किती पूर्ण झाला, शिक्षक तयारी करून येतात काय, अंतर्गत गुण निःपक्षपातीपणे दिले जातात काय, तुमच्या बौद्धिक, सामाजिक आणि भावनिक वाढीला मदत होते काय. प्रश्न वाईट नाहीत. पण या वीस प्रश्नांत वसतिगृह नाही. शिष्यवृत्ती नाही. एसटी नाही. आणि जात तर नाहीच नाही. जे विचारलेच नाही त्याबद्दल असमाधान नोंदवायचे कुठे?

कर्जत हा पर्जन्यछायेतला तालुका. दक्षिणेला भीमा वाहते, काही भागाला कुकडीच्या कालव्याचे पाणी मिळते. बाकीचा शेतकरी आभाळाकडे पाहतो. राशीन, मिरजगाव अशी मोठी गावे सोडली तर वाड्या-वस्त्या विखुरलेल्या. अशा तालुक्यात 1964 साली रयत शिक्षण संस्थेने दादा पाटील महाविद्यालय सुरू केले. पदवीसाठी नगरला किंवा पुण्याला जाणे ज्यांना स्वप्नातही शक्य नव्हते, त्यांच्या दारात पदवी आली. हे ऋण नाकारणारा कृतघ्न ठरेल. पण दारात आलेल्या पदवीपर्यंत पोचायलासुद्धा गाडी लागते, हे सर्वेक्षण करणाऱ्यांना ठाऊक नसते. 20 ऑक्टोबर 2021 रोजी कोरोनानंतर राज्यातली महाविद्यालये उघडली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एसटी कामगारांचा संप सुरू झाला. तो एप्रिल 2022 पर्यंत चालला. कामगारांची मागणी न्याय्य होती, आम्ही त्यांच्या बाजूचेच आहोत. पण त्या पाच-साडेपाच महिन्यांत ज्याच्या घरी मोटारसायकल होती त्याच्यासाठी महाविद्यालय उघडे होते आणि पासवर येणाऱ्या मुलीसाठी ते बंदच होते. त्या वर्षीची उत्तरे कोणी दिली असतील? जे पोचू शकत होते त्यांनी!

शिष्यवृत्तीचे पाहा. परदेशी शिक्षणासाठी आणि मॅट्रिकोत्तर शिक्षणासाठी अस्पृश्य विद्यार्थ्यांना सरकारी पैसा मिळावा, म्हणून बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना भांडण केले. त्यातून 1944 साली जे सुरू झाले, त्यावर आपल्या तीन पिढ्या शिकल्या. आज ती शिष्यवृत्ती महाडीबीटीच्या संगणकावर आहे. पालकांच्या उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेले बँक खाते. यांतले एक जरी अडले की अर्ज परत. कोर्स संपतो, पैसे मागाहून येतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आली, पण सुरुवातीला ती मोठ्या शहरांत व जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्यांपुरती. तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहणारा विद्यार्थी हा जणू विद्यार्थीच नव्हता! योजनेला तालुक्याची वाट सापडायला कित्येक वर्षे गेली. या साऱ्याला ‘कॅम्पसवरील सेवा’ म्हणायचे की नाही? आमच्या मते हीच पहिली सेवा. पोट भरले, भाडे दिले, फी भरली. मग ग्रंथालयाच्या पंख्याबद्दल बोलू.

आता अध्यापन. विद्यार्थी शिक्षकावर समाधानी असेलही, पण शिक्षक स्वतः समाधानी आहे काय? राज्यातली महाविद्यालये आज तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या खांद्यावर उभी आहेत. शासनाने 3 नोव्हेंबर 2018 च्या निर्णयाने 3580 सहायक प्राध्यापकांची पदे भरायला परवानगी दिली. त्यांतली 2088 पदे 2021 पर्यंतही रिकामीच होती. सेट-नेट, पीएच.डी. झालेला आपलाच तरुण तासावर पैसे घेतो, सुट्टीत त्याला काहीच मिळत नाही आणि पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे त्याला माहीत नसते. पद भरले गेले नाही म्हणजे आरक्षणही भरले गेले नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. खाजगीकरणाचे ढोल न वाजवता आरक्षण संपवण्याची ही सर्वांत गुपचूप रीत आहे. आणि गंमत अशी, की हाच तरुण मन लावून शिकवतो, विद्यार्थी त्याला चारपैकी चार गुण देतात आणि ते गुण जमा होतात व्यवस्थेच्या खात्यावर!

सर्वांत अवघड प्रश्न सामाजिक वाढीचा. 28 एप्रिल 2014 रोजी शेजारच्या जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला नितीन आगे या शाळकरी दलित मुलाचा खून झाला. गुन्हा काय, तर वरच्या जातीच्या मुलीशी बोलला हा संशय. साक्षीदार फुटले आणि 23 नोव्हेंबर 2017 रोजी नगरच्या न्यायालयातून सारे आरोपी सुटले. 13 जुलै 2016 रोजी कर्जत तालुक्यातल्याच कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. त्या नराधमांना 29 नोव्हेंबर 2017 रोजी नगरच्याच न्यायालयाने फाशी सुनावली. ती मुलगीही आपलीच लेक होती, तिला न्याय मिळाला याबद्दल कोणाची तक्रार असू नये. पण एकाच जिल्ह्यात, एकाच आठवड्यात आलेल्या या दोन निकालांनी एकाच बाकावर बसणाऱ्या मुलांच्या मनात काय झाले असेल? कोपर्डीनंतर काही जणांच्या गुन्ह्यासाठी एक अख्खा समाज पिंजऱ्यात उभा केला गेला, अ‍ॅट्रॉसिटी कायद्यावर बोट ठेवले गेले. त्या काळात या तालुक्यांतल्या मुलांनी एकमेकांशी बोलणे कसे चालू ठेवले, कोणत्या शिक्षकाने त्यांना जवळ बसवले, गावातून मुलीला पाठवायला घाबरलेल्या आई-बापांची समजूत कोणी काढली, हे कोणत्या सर्वेक्षणाने विचारले? सामाजिक आणि भावनिक वाढीची खरी परीक्षा तिथे होती.

विचारले की उत्तर मिळते, हे आपल्याला ठाऊक आहे. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या जातिभेदाची चौकशी प्रा. सुखदेव थोरात समितीने केली. 2007 च्या तिच्या अहवालात अनुसूचित जाती-जमातींच्या सुमारे 69 टक्के विद्यार्थ्यांनी शिक्षकांकडून पुरेशी मदत मिळत नसल्याचे सांगितले. देशातल्या सर्वांत नामांकित संस्थेतली ही गोष्ट! तोवर तिथे सगळे समाधानीच दिसत होते. पुढे 17 जानेवारी 2016 ला हैदराबादेत रोहित वेमुला गेला, 22 मे 2019 ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. त्यांना ‘तुम्ही समाधानी आहात काय’ असे वेळीच कोणी विचारले असते, आणि उत्तर ऐकून घेतले असते, तर?

आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या घरातली आहे. पहिल्या पिढीचा विद्यार्थी लवकर समाधानी होतो. ज्याच्या आजोबाला शाळेच्या ओट्यावर बसू दिले नाही, ज्याचा बाप विटभट्टीवर राबला, त्याला बाकावर बसायला मिळाले हेच मोठे वाटते. तो तक्रार करत नाही, आभार मानतो. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी हेच सांगितले आहे, की दीर्घकाळ वंचित राहिलेला माणूस आपल्या अपेक्षाच लहान करून घेतो. म्हणून त्याच्या समाधानावरून त्याची स्थिती मोजू नये. ज्याच्या घरी तीन पिढ्या पदवीधर आहेत तो प्रयोगशाळेतल्या जुन्या उपकरणावर नाक मुरडतो. आपला पोरगा त्याच उपकरणाला चार गुण देतो. या दोघांची सरासरी काढून काय हाती लागणार?

बाबासाहेबांपुढेही एकदा अशीच प्रश्नावली आली होती. 1920 च्या दशकात मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी समिती नेमली गेली. तिच्या प्रश्नावलीला त्यांनी लेखी उत्तरे दिली. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला हा माणूस व्यवस्थेचे गोडवे गाऊन मोकळा झाला नाही. विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारे यंत्र नव्हे, उच्चतम ज्ञान गरिबाच्या, गरजवंताच्या दारापर्यंत नेणे हे त्याचे मूळ काम आहे, आणि विद्यापीठाच्या कारभारात मागासलेल्या वर्गांचे प्रतिनिधी असले पाहिजेत, असे त्यांनी ठणकावले. आणि 1950 साली औरंगाबादला स्वतः महाविद्यालय काढले तेव्हा वर्गखोल्यांबरोबर वसतिगृहांचाही विचार केला. कर्मवीर भाऊराव पाटलांनीही तेच केले. 1919 साली रयत स्थापन झाली आणि 1924 साली साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह उभे राहिले. महाविद्यालय त्यानंतर तेवीस वर्षांनी. मुलगा राहणार कुठे, खाणार काय आणि जेवणार कोणाच्या पंगतीला, हा प्रश्न या दोघांनी आधी सोडवला. आजचे सर्वेक्षण नेमका हाच प्रश्न गाळते.

तेव्हा करायचे काय? नॅकची पद्धत आता बदलत आहे, श्रेणी जाऊन दुसरे काही येईल. बदलाच्या याच वेळी मागणी केली पाहिजे. उत्तर देणाऱ्यांत अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी आणि मुली किती, हे अहवालात वेगळे छापा. शिष्यवृत्ती, वसतिगृह, प्रवास आणि भेदभाव यांवर प्रश्न घाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012 च्या विनियमांनी प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी सांगितला आहे. आपल्या महाविद्यालयात तो कोण, त्याचे नाव फलकावर आहे काय, हे माहितीच्या अधिकारात विचारा. किती शिष्यवृत्ती अर्ज प्रलंबित आहेत, किती राखीव पदे रिक्त आहेत, हेही विचारा. याला मोर्चा लागत नाही, एक अर्ज आणि दहा रुपयांचे तिकीट लागते.

आणि चळवळीतल्या तरुणांनी स्वतःचे सर्वेक्षण करावे. कर्जतच्या एसटी स्थानकावर संध्याकाळच्या गाडीची वाट पाहणाऱ्या मुलामुलींजवळ वही घेऊन बसावे. घरून किती वाजता निघालीस, जेवलीस काय, फी कोणाकडून उसनी आणली, वर्गात प्रश्न विचारायला भीती वाटते काय, एवढेच विचारावे. जे मधेच शिक्षण सोडून गेले त्यांच्या वस्तीवर जाऊन त्यांनाही विचारावे. सोडून गेलेल्याचे उत्तर हेच खरे उत्तर असते आणि ते कोणत्याही वर्तुळात रंगवलेले नसते.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी मोबाईलवर तो फॉर्म आला की वीस प्रश्नांवर घाईने बोट फिरवून मोकळे होऊ नका. शेवटचा मोकळा रकाना तुमच्यासाठी आहे. तिथे तीन सूचना मागितल्या आहेत, तीन लिहा. बाबासाहेबांनी आपली उत्तरे लिहून दिली होती. आता तुमची पाळी आहे.

जय भीम!