गोळी चालू आहे, मग उन्हाचे काय?

चैत्र लागला की वर्तमानपत्रांतून उन्हाळ्याच्या सूचना छापून येऊ लागतात. भरपूर पाणी प्या, दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका, सैल सुती कपडे वापरा. सूचना चांगल्या आहेत. मीही माझ्या रुग्णांना त्या देतो. परंतु या यादीत एक वाक्य नसते आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यात तरी ते असावयास हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते वाक्य असे : तुम्हाला रोजचे औषध चालू असेल, तर त्या औषधाचे आणि उन्हाचे जमते की नाही, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

वाचकांना वाटेल, गोळी पोटात जाते आणि ऊन अंगावर पडते. दोहोंचा संबंध काय? संबंध दोन प्रकारांनी येतो. काही औषधांमुळे कातडी उन्हाला हळवी होते. काही औषधांमुळे शरीराची स्वतःला गार ठेवण्याची ताकद कमी होते. हे दोन्ही प्रकार वेगळे आहेत, म्हणून वेगवेगळे समजून घेऊ.

कातडी हळवी का होते?

याचे उत्तम उदाहरण आपल्या घरचेच आहे. कोडावर बावचीचा उपयोग आयुर्वेदात फार पूर्वीपासून सांगितला आहे. बावचीचे तेल डागावर लावायचे आणि तो भाग उन्हात धरायचा. बावचीच्या बियांत सोरालेन नावाचे द्रव्य असते. ते नुसते लावून काही होत नाही व नुसत्या उन्हानेही काही होत नाही. दोन्ही एकत्र आले की कातडीवर परिणाम होतो. इजिप्तमध्ये १९४० च्या दशकात एका वेगळ्या वनस्पतीतून याच जातीचे द्रव्य काढून कोडावर वापरले गेले, आणि १९७० च्या दशकापासून त्वचारोगतज्ज्ञ ही पद्धत मोजून-मापून वापरू लागले. मोजून-मापून हे शब्द महत्त्वाचे आहेत. दुकानातून तेल आणून ते चोळून अर्धा तास उन्हात बसणाऱ्याच्या अंगावर भाजल्यासारखे फोड आलेले मी पाहिले आहेत. उन्हाळ्यात चेहऱ्यावर लिंबू चोळून बाहेर पडणाऱ्यांनाही काळे चट्टे पडतात, ते याच कारणाने.

कोडावर जे मुद्दाम घडवून आणले जाते, तेच काही गोळ्यांच्या बाबतीत नकळत घडते. औषधाचा अंश रक्तातून कातडीत येतो, उन्हातील अतिनील किरणांची शक्ती शोषून घेतो आणि आजूबाजूच्या पेशींना इजा करतो.

अशी औषधे कोणती? मुरुमांसाठी व इतर काही संसर्गांसाठी दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घराण्यातील औषधे, सल्फा औषधे, सांधेदुखीवरील पायरॉक्सिकॅम, नॅप्रोक्सेन व किटोप्रोफेनचे मलम, मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन, हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमियोडेरोन, मानसिक आजारातील क्लोरप्रोमाझिन, आणि रक्तदाबासाठी दिले जाणारे, लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायझाइड. हे शेवटचे औषध पुष्कळदा दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत असते व गोळीच्या नावापुढे बहुधा 'एच' हे अक्षर असते. नावे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. ही औषधे घेणाऱ्या प्रत्येकाला त्रास होत नाही. परंतु ज्याचा दिवस रानात जातो त्याने आपल्या गोळीचे नाव माहीत करून घ्यावे, एवढेच सांगणे आहे.

आपल्याकडे एक समजूत आहे की सावळ्या कातडीला ऊन बाधत नाही. गोऱ्या कातडीइतके लवकर बाधत नाही, हे खरे. पण आपल्या कातडीवर लाली दिसत नाही म्हणून त्रास नसतो असे नाही. आग होते, खाज सुटते, मग कातडी काळवंडते आणि जाड होते. रुग्ण सांगतो, 'उन्हाने रापलो' किंवा 'गाजर गवत बाधले'. गाजर गवतही बाधते आणि त्याचा त्रास उन्हात वाढतो, म्हणून घोटाळा होतो. ओळखण्याची एक खूण सांगतो. चट्टे कोठे आहेत ते पाहा. कपाळ, नाक, गाल, गळ्यापाशी सदऱ्याच्या उघड्या भागावर, मानेच्या मागे, हाताच्या बाहेरच्या बाजूला असतील आणि कानामागे, हनुवटीखाली, बांगड्यांच्या किंवा घड्याळाच्या पट्ट्याखाली कातडी स्वच्छ असेल, तर उन्हाचा हात आहे असे समजावे आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे घेऊन डॉक्टरांकडे जावे. दुकानातून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणून चेहऱ्याला फासू नये. दोन दिवस बरे वाटते आणि पुढे कातडी पातळ होऊन दुखणे वाढते.

घाम आटवणारी औषधे

दुसरा प्रकार अधिक धोक्याचा, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. आपले शरीर घामाने गार राहते. काही औषधे घामच कमी करतात. मानसिक आजारात हातपाय ताठरू नयेत म्हणून दिले जाणारे ट्रायहेक्सिफेनिडिल, नैराश्यासाठी व जुनाट दुखण्यासाठी दिले जाणारे अमिट्रिप्टिलिन, क्लोरप्रोमाझिन, सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्या, ही त्यांतली काही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या शरीरातले पाणी व क्षार कमी करतात. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातले पाणी कमी झाले तर रक्तातील लिथियमचे प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. हात थरथरणे, जुलाब, तोल जाणे ही तिची लक्षणे.

हा विषय मी आपल्या जिल्ह्यासाठी मुद्दाम मांडतो आहे. दुष्काळ, कर्ज आणि त्यातून येणारे मानसिक आजार यांचा आपल्या जिल्ह्याशी असलेला संबंध कोणी नाकारू शकत नाही. २०१५ साली शासनाने उस्मानाबाद (आताचा धाराशिव) व यवतमाळ या दोन जिल्ह्यांसाठी बळीराजा चेतना अभियान हाती घेतले, ते यामुळेच. मनाच्या आजारासाठी शेतकरी डॉक्टरकडे येऊ लागला, ही मोठी गोष्ट झाली. पण तोच शेतकरी गोळी घेऊन मे महिन्यात नांगरटीला जातो, तेव्हा त्याला उन्हाबद्दल दोन शब्द कोणी सांगितलेले असतात काय? बहुधा नसतात.

'उन्हात जाऊ नका' एवढे पुरे नाही

गोळ्यांबरोबर आम्ही डॉक्टर फार तर एक वाक्य टाकतो, 'उन्हात जाऊ नका.' माझ्या मते हा सल्ला नव्हे. ही हात झटकण्याची रीत आहे. १९७२ च्या दुष्काळात याच मराठवाड्यातील माणसांनी भर उन्हात खडी फोडून दिवस काढले. आजही ज्याचे पोट हातावर आहे तो उन्हात जाणारच. येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते; भक्त तिला ऊन पाहून जात नाहीत. २०२३ साली १६ एप्रिलला खारघर येथे उघड्या मैदानावरील समारंभात उष्माघाताने माणसे दगावली, ती समारंभाला आलेली साधी माणसे होती. तेव्हा माणूस उन्हात जाणार हे धरूनच सल्ला दिला पाहिजे.

पहिली गोष्ट वेळेची. आपला जिल्हा सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्याला सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि क्षणभर सावली पायाखाली जाते. घड्याळात ती वेळ १२ ची नसून सुमारे १२ वाजून २० मिनिटांची असते. घड्याळ नसले तरी चालेल. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कडक झाले असे समजावे व जमेल तितके काम आवरते घ्यावे. पहाटे लवकर कामाला लागून १० च्या आत उरकणे आणि उरलेले ४ नंतर करणे, ही जुन्या शेतकऱ्यांची रीत शास्त्राला धरून आहे. मात्र हळवी कातडी करणारी गोळी चालू असेल त्याने सकाळच्या उन्हातही अंग झाकावे. असा त्रास मुख्यतः ज्या किरणांनी होतो ते सकाळ-संध्याकाळही बऱ्यापैकी असतात आणि काचेतूनही आत येतात. एसटीच्या बंद खिडकीशी बसलेला माणूस झाकलेला नसतो.

दुसरी गोष्ट कापडाची. महागड्या क्रीमच्या आधी कापड. पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला पटका किंवा उपरणे, बायकांनी डोक्यावरून घेतलेला पदर, हे संरक्षण घरात आहेच. कापड उजेडाकडे धरून पाहावे. आरपार उजेड दिसत असेल तर ऊनही आत येणार. जुने, विरलेले कापड त्यामुळे कामाचे नाही. गांधी टोपीने टाळू झाकते पण नाक, कान व मान उघडी राहते. तिच्यावरून उपरणे घ्यावे. ओला टॉवेल गारवा देतो, पण पातळ कापड ओले झाले की त्यातून किरण अधिक जातात, म्हणून त्याची दुहेरी घडी करावी. विसाव्याला बाभळीखाली बसू नये, तिची सावली विरळ. चिंच किंवा कडुलिंब पाहावा. क्रीम परवडत असेल तर ३० किंवा त्याहून अधिक एसपीएफचे व दोन्ही प्रकारचे अतिनील किरण अडवणारे घ्यावे, ते सढळ हाताने लावावे आणि दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे.

तिसरी गोष्ट पाण्याची. तहान लागण्याची वाट पाहू नये. माठातले पाणी, मीठ घातलेले ताक, ज्वारीची आंबील, लिंबाचे सरबत, कैरीचे पन्हे, सर्व उत्तम. मधुमेह असणाऱ्यांनी साखर-गूळ टाळावा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाणी किती प्यावे हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. लिथियम घेणाऱ्यांनी मीठ एकदम कमी करू नये. पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांनी पत्र्याला वरून चुना मारावा आणि दाराला ओले गोणपाट लावावे.

आणि खिशातला कांदा? ठेवायचा तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. माणूस बरळू लागला, अंग चटका बसेल असे तापले, ताप १०४ अंशांच्या वर गेला, तर तो उष्माघात आहे. घाम आहे की नाही हे पाहत बसू नये. त्याला सावलीत घ्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ची गाडी बोलवावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

गोळी स्वतःहून बंद करू नका

हे सर्व वाचून कोणी उद्यापासून गोळी बंद केली, तर या लेखाने उपकारापेक्षा अपकारच केला असे होईल. कुष्ठरोगाच्या बहुविध औषधोपचारातील क्लोफॅझिमिनचे उदाहरण घ्या. हे औषध कातडी कोरडी करते व तिला तांबूस-काळा रंग आणते. उघड्या भागावर तो अधिक गडद दिसतो. लोक विचारतील या भीतीने रुग्ण औषध सोडतो. रंग औषध संपल्यावर हळूहळू जातो. पण अर्धवट सोडलेल्या रोगाने बधिर झालेला हात परत येत नाही. रक्तदाबाची गोळी सोडणाऱ्याला अर्धांगवायूचे भय आहे. मनाची गोळी एकदम सोडणाऱ्याचा आजार उलटतो. औषध बदलता येते, मात्रा व वेळ बदलता येते. पण ते काम डॉक्टरांचे आहे.

म्हणूनच मी जबाबदारी प्रथम आम्हा लिहून देणाऱ्यांवर टाकतो. औषधाच्या पट्टीवरील इंग्रजी बारीक अक्षरे आपल्या रुग्णाला उपयोगाची नाहीत. सकाळच्या गोळीसाठी सूर्य आणि रात्रीच्या गोळीसाठी चंद्र काढण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्याच पाकिटावर एक छत्रीचे चित्र काढावयास काय हरकत आहे? छत्री दिसली की रुग्णाने समजावे, या गोळीला ऊन चालत नाही, अंग झाकायचे. मार्च ते जून एवढे जरी सरकारी दवाखान्याच्या औषध खिडकीवर व खाजगी दुकानांत झाले आणि आशाताईंनी घरोघरी ते समजावून सांगितले, तरी खर्च शाईचा आणि लाभ मोठा.

तोपर्यंत वाचकांनी आपल्या डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. ही गोळी घेऊन उन्हात काम केले तर चालेल काय? हिने घाम कमी होतो काय? त्रास झाला तर काय करू? विचारण्यात संकोच नको. प्रश्न विचारणाऱ्या रुग्णाचा राग येत असेल, तर तो दोष डॉक्टरचा समजावा.