आठपैकी आठ जिंकूनही?



ऑक्टोबर २०२५मध्ये रोहित शर्माचं भारताचं एकदिवसीय कर्णधारपद गेल्याची बातमी रविवारच्या अंकात वाचली. त्याखाली छापलेली निवड समितीचे प्रमुख अजित आगरकर यांची कारणंही वाचली. बातमीने वाईट वाटलं. डोकं फिरलं ते कारणांनी.

२०२५मध्ये तोवर भारत एकदिवसीय सामने किती खेळला होता? आठ. फेब्रुवारीत इंग्लंडशी तीन, मग दुबईत चॅम्पियन्स करंडकाचे पाच. आठही सामन्यांत कर्णधार रोहित, आणि आठही जिंकले. ९ मार्चच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध ७६ धावा करून सामनावीरही तोच ठरला. त्यानंतर ऑक्टोबरच्या त्या निर्णयापर्यंत आपण एकही एकदिवसीय सामना खेळलो नाही. पुन्हा सांगतो, एकही नाही. करंडक उचलल्यापासून पद जाईपर्यंत या गृहस्थाला साधी चूक करायलाही मैदान मिळालं नाही! मग या सात महिन्यांत निवड समितीला त्याच्या कप्तानीत खोट दिसली कुठे?

म्हणे, तीन प्रकारांना तीन कर्णधार ठेवणं व्यवहार्य नाही. बरं. डिसेंबर २०२१मध्ये विराट कोहलीचं हेच पद काढलं, तेव्हा त्याच्या नावावर ९५ सामन्यांत ६५ विजय होते. त्या वेळी आपल्याला सांगितलं गेलं की पांढऱ्या चेंडूच्या दोन संघांना दोन वेगळे कर्णधार नकोत. २०२५मध्ये ट्वेन्टी-२०ला सूर्यकुमार यादव आणि एकदिवसीयला शुभमन गिल. झाले की पांढऱ्या चेंडूला दोन कर्णधार! २०२१मध्ये जे चालत नव्हतं, तेच चार वर्षांनी सोयीचं झालं. २०२१च्या त्या नियमाचा फायदा रोहितलाच झाला होता आणि तेव्हा आम्ही मुंबईकर मूग गिळून बसलो होतो, हे मात्र कबूल करायला हवं.

दुसरं कारण २०२७च्या विश्वचषकाचं. तोवर रोहित चाळिशी ओलांडेल, हे कुणालाही बोटांवर मोजता येईल. पण मग तो त्या स्पर्धेत हवा आहे की नको, एवढं तरी सांगा. नको असेल, तर ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर फलंदाज म्हणून तरी कशाला नेलंत? आणि हवा असेल, तर ५६ सामन्यांतले ४२ जिंकून देणारा कर्णधार संघात असताना कप्तानी दुसऱ्याला का? या प्रश्नावर आगरकरांनी सरळ उत्तर दिलंच नाही. माणसाला घरात ठेवायचं आणि कमरेच्या किल्ल्या तेवढ्या काढून घ्यायच्या, असला हा प्रकार आहे.

शुभमन गिलबद्दल माझी काहीच तक्रार नाही. इंग्लंडमध्ये पाच कसोटींत ७५४ धावा करणाऱ्या मुलाबद्दल कोण काय बोलणार? पण २०२५मध्ये कसोटीचा कर्णधार, एकदिवसीयचा कर्णधार, ट्वेन्टी-२०चा उपकर्णधार, शिवाय आयपीएलमध्येही कर्णधार! वय तेव्हा २६. गोलंदाजांवरच्या ताणाची चर्चा रोज कानी पडते; या पोराच्या डोक्यावरच्या ओझ्याचा हिशेब कोण ठेवतंय? सगळ्याच प्रकारांना एकच कर्णधार हवा असेल, तर त्याला सगळेच सामने खेळावे लागतील, हे साधं गणित आहे.

आता कुणी म्हणेल, बोरिवलीच्या रोहितसाठी डोंबिवलीचा म्हातारा भांडतोय. पण निर्णय जाहीर करणारे आगरकरही मुंबईच्या आचरेकर सरांच्याच तालमीतले. तेव्हा यात मुंबई विरुद्ध गिलचा पंजाब असं काही नाही. सोसायटीच्या कट्ट्यावर निर्णयानंतर चार दिवस तेच चाललं होतं आणि त्याचाही मला कंटाळा आला होता.

खरी चीड आणखी एका गोष्टीची. आगरकर म्हणतात, हल्ली एकदिवसीय सामने फार कमी होतात, म्हणून नव्या कर्णधाराला आतापासूनच वेळ द्यायला हवा. अहो, पण ते कमी केले कुणी? ऑगस्ट २०२५मधला बांगलादेश दौरा २०२६वर ढकलला गेला, त्यातले तीन एकदिवसीय सामने गेले. आयपीएलचे ७४ सामने मात्र सीमेवरच्या तणावामुळे मध्येच थांबले, तरी नव्या तारखा काढून जूनमध्ये पुरे केले. तिथे बरी सवड सापडते! आधी विहिरीत गाळ साचू द्यायचा आणि मग पाणी पुरत नाही म्हणून घरातल्या थोरल्याचा तांब्या काढून घ्यायचा.

१९ ऑक्टोबर २०२५ला ऑस्ट्रेलिया दौऱ्यातला पर्थचा पहिला सामना आपल्याकडे सकाळी नऊला सुरू झाला. ऐन दिवाळी, रविवार, घरात चकल्यांचा घाणा चालू होता. तरी नाणेफेकीपासून टीव्हीसमोर बसलो होतो. दोन-तीन षटकांनंतर क्षेत्ररक्षण बदलायला हात कुणाचा वर जातो, हे मला पाहायचं होतं.

– एक जुना वाचक, डोंबिवली (पूर्व)