रक्त कुठं सांडायचं?

2009 साली 'वॉचमेन' हा सिनेमा आला, तेव्हा ट्रेलरमध्ये झॅक स्नायडरच्या नावाऐवजी एक बिरुद झळकत होतं: 'थ्री हंड्रेड'चा द्रष्टा दिग्दर्शक. याज्ञवल्क्याने ज्यासाठी जन्म घालवला, ते हॉलिवूडच्या जाहिरात खात्याने एका सिनेमावर वाटून टाकलं. चाहत्यांनी लगेच री ओढली. बघा, पुस्तकातली चौकट न् चौकट पडद्यावर आणलीय, मूळ कृतीशी केवढं हे इमान! इमान? अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचं मूळ कॉमिक पुस्तक मी पारायणं केल्यासारखं वाचलंय आणि हा सिनेमाही डोळे उघडे ठेवून पाहिलाय. चित्रं जशीच्या तशी उचलली आहेत, कबूल. त्यांच्यातला अर्थ मात्र बाहेर काढून फेकलाय.

पुस्तकाचा पायाच काय, ते आठवा. 1986-87 मध्ये 12 अंकांत आलेल्या या कथेत अतिमानवी शक्ती असलेला माणूस एकच आहे, निळा डॉ. मॅनहॅटन. बाकीची सगळी हाडामांसाची माणसं. कुणाचं पोट सुटलंय, कुणी भूतकाळात अडकलंय, कुणी सरळसरळ वेडं आहे. मुखवटा घालून रात्री लोकांना बडवत हिंडणारा माणूस आतून कसा असेल, हा मूरचा प्रश्न होता. स्नायडर पहिल्याच प्रसंगात त्या प्रश्नावर पाणी सोडतो. साठी ओलांडलेल्या 'कॉमेडियन' नावाच्या मुखवटेवाल्याचा खून पुस्तकात थोडक्या चौकटींत येतो, दोन पोलिसांच्या रुक्ष संभाषणात तुकड्यातुकड्यांनी. सिनेमात? भिंती फुटतात, फर्निचरचा भुगा होतो, आणि ही मारामारी संपायचं नाव घेत नाही. अहो, म्हातारा भिंती फोडू लागला तर निळ्या माणसाचं वेगळेपण उरलं कुठं? तो फक्त रंगाने वेगळा?

आणि ते स्लो मोशन! लग्नाच्या व्हिडिओत हार घालणारे हात ज्या गतीने पुढे येतात, त्या गतीने इथं बुक्क्या आणि लाथा येतात. प्रत्येक ठोसा थबकतो, वळून बघतो, मग लागतो. मूर ज्या हिंसेची किळस आणू पाहत होता, तिला या दिग्दर्शकाने नटवून, सजवून, प्रकाशझोतात उभं केलं.

पण माझा खरा राग इथं नाही. तो पुढच्या विसंगतीवर आहे आणि ती इतकी उघडीनागडी आहे की द्रष्ट्याला कशी दिसली नाही याचं नवल वाटतं.

रॉरशाक या मुखवटेवाल्याचा तो भयंकर प्रसंग घ्या. लहान मुलीला मारणाऱ्या नराधमाला पुस्तकात तो बेडीने जखडतो, करवत हाताशी टाकतो, घर पेटवतो आणि बाहेर उभा राहून बघत राहतो. त्या माणसाच्या रक्ताचा थेंबही दिसत नाही आणि वाचणाऱ्याचं काळीज गोठतं. सिनेमात काय होतं? सुरा डोक्यात, पुन्हा डोक्यात, पुन्हा डोक्यात. तुरुंगात गजांमध्ये हात अडकलेल्या गुंडाचा पुस्तकात गळा चिरला जातो. इथं दोन्ही हात यंत्राच्या करवतीने कापले जातात. गल्लीतल्या मारामारीत हाड कातडी फाडून बाहेर येतं आणि कॅमेरा ते बघायला मुद्दाम थांबतो. मूळ लेखकाने जिथं हात आखडता घेतला, तिथं या गृहस्थांनी बादल्या ओतल्या.

ठीक आहे, म्हटलं, रक्ताची हौस आहे तर शेवटाला ती कामी येईल. कारण शेवटी युद्ध टाळण्याच्या नावाखाली न्यूयॉर्कमधली निम्मी माणसं मारली जातात. पुस्तकभर गिबन्सने पानाला नऊ चौकटींची शिस्त पाळलीय, आणि शेवटच्या अंकाच्या आरंभी अचानक एकामागून एक सहा पानं, प्रत्येक पानभर एकच चित्र. प्रेतं. रस्त्यांवर, खिडक्यांतून लोंबणारी, एकमेकांवर पडलेली. पान उलटलं की आणखी. मूर आणि गिबन्स तुम्हाला नजर वळवू देत नाहीत. शांततेची किंमत काय, ती बघा, म्हणतात.

आणि स्नायडर? इथं त्याला साक्षात वैराग्य येतं! निळा उजेड, धूळ, भलामोठा खड्डा. एक प्रेत नाही. गुंडाच्या कोपरातलं हाड जवळून दाखवणारा माणूस लाखोंच्या कत्तलीपाशी आल्यावर सगळं झाडून-पुसून स्वच्छ करतो. याला प्रौढांचा सिनेमा म्हणायचं? जिथं रक्ताने मजा येते तिथं रक्त, जिथं रक्ताने लाज वाटली असती तिथं धूळ. हा सगळा हिशोब तिकीट काढून बसलेल्याला सुखात ठेवण्याचा आहे.

मारेकऱ्याचं कारस्थानही बदललंय. पुस्तकात मुखवटेवाल्यांपैकीच एक असलेला ओझिमँडियस परग्रहावरून आल्यासारखा भासणारा राक्षसी जीव न्यूयॉर्कवर सोडतो. शत्रू बाहेरचा, म्हणून अमेरिका आणि रशिया एक होतात. सिनेमावाल्यांना तो आठ-दहा सोंडांचा प्राणी हास्यास्पद वाटला असावा. त्यांनी आळ घेतला डॉ. मॅनहॅटनवर. पण मॅनहॅटन कोण? व्हिएतनामचं युद्ध जिंकून देणारं अमेरिकेचं सर्वांत मोठं अस्त्र! त्या अस्त्राने जगातली मोठी शहरं जाळली, तर रशिया अमेरिकेच्या गळ्यात पडेल की नरडीचा घोट घेईल? तर्काला धरून म्हणून केलेल्या बदलातच तर्क मेला.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. सुरुवातीची नामावली अप्रतिम आहे. बॉब डिलनच्या गाण्यावर मुखवटेवाल्यांची कित्येक वर्षं जिवंत छायाचित्रांसारखी सरकतात. विनोद, दुःख, इतिहास, सगळं आहे. आणि असा सलग क्रम पुस्तकात कुठंही नाही! म्हणजे नक्कल बाजूला ठेवली की याला सिनेमा करता येतो.

पुस्तकाचा प्राण मात्र न्यूयॉर्कच्या एका कोपऱ्यावर आहे. तिथं पेपरवाला बर्नार्ड दिवसभर जगावर मतं पिंकत असतो आणि शेजारी बसून एक पोरगा फुकटात चाच्यांचं कॉमिक वाचतो. टॅक्सीवाली येते, मानसोपचारतज्ज्ञ येतो, पोलीस येतात. अकराव्या अंकात तिथं दोन बायकांचं भांडण हातघाईवर येतं आणि हीच साधी माणसं ते सोडवायला धावतात. मानसोपचारतज्ज्ञाची बायको त्याला बजावते, मध्ये पडलास तर मी चालले. तो तरीही पडतो. मुखवटा नाही, ठोसा नाही. मुखवटेवाले तेव्हा कुणी अंटार्क्टिकात, कुणी मंगळावर आहेत. मग संहाराचा तो पांढरा उजेड येतो. अंकामागून अंक आपण या माणसांच्या सोबत काढलेत, म्हणून तो उजेड डोळ्यांत जातो.

चित्रपटगृहात दाखवलेल्या 162 मिनिटांत पेपरवाला आणि पोरगा जेमतेम दिसतात, एकमेकांना मिठी मारतात आणि नाहीसे होतात. कोण होते, कशाला मिठी मारली, प्रेक्षकाला पत्ता नाही. वेळ नव्हता म्हणता? त्या कोपऱ्यावरचे प्रसंग चित्रित झालेले होते. पुढे 215 मिनिटांची आवृत्ती डिस्कवर विकायला काढली, तेव्हा ते त्यात घातले. म्हणजे माणसं हाताशी होती, त्यांना कापलं आणि नंतर वेगळे पैसे घेऊन परत दिलं. मूरने आपलं नाव या सिनेमावर लागू दिलं नाही, पैसेही घेतले नाहीत. श्रेयनामावलीत फक्त गिबन्स आहे. गल्लीतलं ते कातडीबाहेर आलेलं हाड मात्र पहिल्या दिवसापासून प्रत्येक आवृत्तीत शाबूत आहे.