सुताराच्या अकलेचें मोल

आमच्या गांवीं लेकीच्या लग्नाचें कपाट करवून घेतांना लोक लांकडाचा भाव विचारतात. सुताराच्या अकलेचा कोणी विचारीत नाहीं. जाणता सुतार इंचभर जाडीची फळी वर्षभर सावलींत वाळवितो. लांकूड रुंदीला फुगतें-आकसतें, लांबीला जवळजवळ नाहीं. म्हणून तो दाराचा दिलहा चौकटीच्या खांचेंत सैल सोडतो. ओल्या लांकडाचें, घाईनें केलेलें कपाट उन्हाळ्यांत तडकतें, मग शिव्या त्यालाच! बलुत्याच्या पेंढ्या गेल्या, फुकटाची संवय मात्र राहिली. आमच्या मेजासाठीं आम्हींही घासाघीस केली, हें लपवीत नाहीं. शेतकरी बंधूंनो, लग्नाच्या वर्षभर आधीं काम सांगा, लांकूड घेण्यापुरते पैसे आगाऊ द्या, आणि घरची मोडकी खाट त्याच हिशेबांत घुसडूं नका.