खाडीत पावडर टाकण्याआधी

परवा एका बैठकीत आपली खाडी स्वच्छ करायचा प्रस्ताव ऐकला. काय, तर जिवाणूंची पावडर. पोती आणायची, भरतीला खाडीत सोडायची, जिवाणू तळातली सगळी घाण खातील आणि दोन वर्षांत जिताडा परत येईल. पडद्यावर निळं पाणी, बगळे वगैरे. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग घरी येऊन वाचत बसलो.

जिवाणू तेल खातात ही थाप नाही, हे आधीच सांगतो. 7 ऑगस्ट 2010 ला मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं धडकली, शेकडो टन तेल समुद्रात गेलं. तेव्हा मी नवखा वार्ताहर. तिवरांच्या मुळांना डांबरासारखं चिकटलेलं ते तेल अजून डोळ्यांसमोर आहे. मासळीला गिऱ्हाईक नव्हतं. त्या सफाईत टेरी संस्थेचं ‘ऑइलझॅपर’ वापरलं गेलं होतं. म्हणजे तेल खाणारे निवडक जिवाणू, दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाच्या भुकटीत मिसळलेले.

पण किनाऱ्यावर सांडलेलं ताजं तेल वेगळं आणि खाडीच्या तळाशी वर्षानुवर्षं साचलेला गाळ वेगळा. निवट्या, चिंबोऱ्या धरायला चिखलात उतरलेल्या कुणालाही विचारा. वरचा थर तपकिरी, पाय जरा खोल गेला की काळाकुट्ट चिखल आणि सडक्या अंड्याचा वास. तिथे ऑक्सिजन नसतो. तेल भराभर खाणाऱ्या जिवाणूंना तो लागतोच. त्याच्याशिवाय काम होतं, पण अगदी रडतखडत.

अलास्कात हेच झालं. 1989 साली एक्सॉन वाल्डीझ हे तेलवाहू जहाज फुटलं. तिथे प्रामुख्याने किनाऱ्यावर खत मारलं गेलं, कारण तेल खाणारे जिवाणू तिथे आधीपासून होतेच, त्यांना नत्र-स्फुरद कमी पडत होतं. (आपल्या खाडीत ती अडचण नाही, गटारं भरपूर पुरवतात!) वरचं तेल झपाट्याने कमी झालं. पण 2001 साली सरकारी शास्त्रज्ञांनी किनाऱ्यावर सुमारे 9 हजार खड्डे खणले, तेव्हा गोट्यांखाली, हवा न पोचणाऱ्या जागी, बारा वर्षांपूर्वीचं तेल अजून होतंच.

आणि ही गोष्ट फक्त तेलाची. शिसं, कॅडमियम, पारा हे धातू आहेत, ते खाऊन संपत नाहीत. जिवाणू त्यांचं रूप तेवढं बदलतात. पाऱ्याच्या बाबतीत तर उलटंही होतं. बिनहवेच्या चिखलातले काही जिवाणू साध्या पाऱ्याचा मिथाइल पारा करतात. मग तो माशात आणि माशातून आपल्या ताटात. जपानच्या मिनामातात माणसं मेली ती याच मिथाइल पाऱ्याने. तिथला गाळ कुणी पावडर टाकून साफ केला नाही. 1977 ते 1990 अशी तेरा वर्षं उपसा चालला आणि 58 हेक्टर भरावाखाली तो गाडून टाकला.

म्हणून माझा विरोध जिवाणूंना नाही, आंधळ्या टेंडरला आहे. नुसत्या तेलाचा गाळ असेल, हवा खेळवता येत असेल, तर उपसण्यापेक्षा हा उपाय स्वस्तात पडेल. पण आपल्या गाळात आहे काय? बैठकीत विचारलं तर उत्तर आलं, ‘ते नंतर बघू.’ अहो, रक्त न तपासता औषध देणारा डॉक्टर आपल्याला चालेल का? आणि रोज रात्री नाल्यातून रंगीत पाणी येतंय त्याचं काय? प्रस्तावात नाल्याचा उल्लेखसुद्धा नाही. नाला चालू ठेवून पोती टाकायची म्हणजे दरवर्षी पोती, दरवर्षी बिल.

गाळाच्या तपासणीचा अहवाल आहे का, आणि त्यात धातू तपासलेत का, एवढंच विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज काल दिलाय. कोळीवाड्यातल्या मंडळींनीही पुढच्या बैठकीला यावं, जाळं त्यांचं आहे. उत्तर आलं की कागद जसाच्या तसा इथे टाकतो.