दुखापत सांगण्याचे धैर्य

अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींत वेगाइतकाच मान वेदना निमूट सोसण्यालाही मिळत आला आहे. डेल अर्नहार्ट ज्युनिअर यांच्या कारकिर्दीने या समजुतीलाच आव्हान दिले.

त्यांचे वडील डेल अर्नहार्ट ‘नॅसकार’च्या अव्वल मालिकेचे सात वेळा विजेते होते. 18 फेब्रुवारी 2001 रोजी ‘डेटोना 500’ शर्यतीच्या अखेरच्या फेरीत त्यांचा अपघाती मृत्यू झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याच ट्रॅकवर मुलाने शर्यत जिंकली. पुढे त्यांनी 2004 आणि 2014 मध्ये ‘डेटोना 500’ जिंकली. अव्वल मालिकेत त्यांच्या नावावर 26 विजय जमा झाले. वार्षिक अजिंक्यपद मात्र हुकले. तरीही 2003 ते 2017 अशी सलग 15 वर्षे ते सर्वाधिक लोकप्रिय चालक ठरले.

वडिलांच्या मृत्यूनंतर ‘नॅसकार’ने डोके व मान आवरून धरणारे उपकरण सक्तीचे केले. पाठोपाठ ट्रॅकच्या भिंतींना धक्का शोषणारे कठडे लागले. चालकांचे प्राण वाचू लागले. पण कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका या उपायांनी पूर्णपणे टळत नाही. ही दुखापत अनेकदा स्कॅनमध्येही दिसत नाही. ती प्रथम कळते चालकालाच.

अर्नहार्ट यांनीही ती आधी लपविली. ऑगस्ट 2012 मध्ये कॅन्सास येथील चाचणीत अपघात झाल्यावर ते शर्यती खेळत राहिले. ऑक्टोबरमध्ये टॅलाडेगा येथे पुन्हा धडक बसली, तेव्हा ते स्वतःहून डॉक्टरांकडे गेले आणि दोन शर्यतींना मुकले. 2016 मध्ये त्रास उलटल्याने उर्वरित 18 शर्यती सोडाव्या लागल्या. 2017 च्या अखेरीस त्यांनी पूर्णवेळ शर्यतींतून निवृत्ती घेतली. आपण लक्षणांची गुपचूप नोंद फोनमध्ये ठेवीत होतो, हे त्यांनी 2018 च्या पुस्तकात उघड केले.

चालकांच्या मेंदूची आधारभूत चाचणी ‘नॅसकार’ने 2014 पासून बंधनकारक केली. तथापि मूळ प्रश्न उरतोच. सर्वांत लोकप्रिय चालकाला गाडीतून उतरणे परवडले, कारण परतल्यावर त्याची जागा शाबूत राहणार होती. ज्याचे स्थान प्रायोजकाच्या मर्जीवर टिकून आहे, त्या नवख्या चालकाला सत्य सांगणे तितके सोपे नाही. प्रामाणिकपणाची किंमत चालकाला एकट्यानेच मोजावी लागणार असेल, तर नियम कितीही कडक केले तरी दुखापती लपविल्या जातील.