सातबाऱ्यावर नाव आलं म्हणजे मालकी पक्की झाली का? वारस, वाटणी अन् हक्कसोडीचा गुंता समजून घ्या

ताडकळस (ता. पूर्णा) : २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात पाऊस कोसळला, सोयाबीन-कापूस पाण्यात गेला, आणि अनुदानाची वेळ आली तेव्हा आपल्या भागातल्या अनेक घरांत एक जुनंच भांडण नव्यानं उभं राहिलं. जमीन आजोबांच्या नावावर. आजोबा वारून पंधरा-वीस वर्षं झाली. कसतो एक भाऊ, दुसरा पुण्याला कंपनीत, बहिणी सासरी. मग पैसे कुणाच्या खात्यावर? सामाईक खातं असेल तर तलाठी सगळ्यांचं संमतीपत्र मागतात. भाऊबंदकीत संमती मिळते का, ते ज्याचं त्याला माहीत.

त्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. हा फार्मर आयडी निघतो सातबाऱ्यावरच्या नावावरून. ज्याचं नाव नाही, तो रात्रंदिवस राबत असला तरी कागदावर शेतकरी नाही.

सरकारला हे कळलं म्हणूनच 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली. बुलढाण्यात सुरुवात झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर राबवली गेली. मयत खातेदाराचं नाव काढून वारसांची नावं लावायची, एवढंच तिचं काम. मोहीम चांगलीच होती. पण ती झाल्यावर लोकांचा एक गैरसमज पक्का झालेला दिसतो, की नाव लागलं म्हणजे जमीन झाली आपली.

तसं नाही. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. सारा कुणाकडून घ्यायचा, शेतात पीक काय, बोजा कुणाचा, यासाठी तो ठेवतात. महसूल कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे त्यावरची नोंद खरी धरली जाते, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. नोंदीमुळे मालकी निर्माण होत नाही आणि नोंद नसल्यामुळे ती जातही नाही, हे सुप्रीम कोर्टानं अनेकदा सांगितलंय. मालकी येते खरेदीखतातून, वारसातून, वाटणीतून, बक्षीसपत्रातून, मृत्युपत्रातून. सातबारा त्याच्या मागून येतो. आपण मात्र सातबारा हातात धरून बसतो आणि खरेदीखत कुठल्या पेटीत आहे ते कुणालाच ठाऊक नसतं.

आता मुख्य प्रश्न. जमीन कोणत्या प्रकारची?

गावात सगळे सरसकट म्हणतात, "आजोबाची जमीन, म्हणजे वडिलोपार्जित. माझा जन्मापासून हक्क." इथंच मोठी चूक होते. समजा, आजोबांनी स्वतःच्या कमाईतून ८ एकर घेतली आणि मृत्युपत्र न करता ते १९५६ नंतर वारले. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्यानुसार ही जमीन आजी, मुलगे आणि मुली यांच्यात सारखी वाटली जाते. आजी, दोन मुलगे, एक मुलगी असेल तर चौघांना दोन-दोन एकर. आणि मुलाच्या वाट्याला आलेली दोन एकर ही त्याची स्वतःची मिळकत होते. नातवाचा तिच्यावर जन्मानं हक्क नाही. १९८६ च्या चंदर सेन निकालापासून सुप्रीम कोर्टाची हीच भूमिका आहे. बाप जिवंत असताना "माझा वाटा दे" म्हणून अंगावर जाणाऱ्या पोरांनी हे आधी नीट वाचावं.

आजोबांकडेच ती जमीन मागच्या पिढ्यांकडून एकत्र कुटुंबाची म्हणून आली असेल, तर हिशेब वेगळा. तिथं मुलामुलींचा जन्मानं हक्क असतो आणि बापाला एकट्याला सगळी जमीन मनाला येईल तशी विकता येत नाही. स्वकष्टार्जित जमीन मात्र तो विकू शकतो, दान करू शकतो, मृत्युपत्रानं कुणालाही देऊ शकतो.

मग कळायचं कसं, कोणती जमीन कशी आली ते? जुने फेरफार काढा. आपल्या मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पत्रक हा मोठा कागद आहे, त्यामागे निजामकाळातले दप्तर आहे. कुणबी नोंदी शोधताना अनेकांनी हेच कागद चाळले. जातीसाठी चाळले, तसे जमिनीसाठीही चाळायला हरकत नाही.

बहिणींचा विषय निघाला की गावात आवाज खाली येतो. कायदा मात्र स्पष्ट आहे. महाराष्ट्रानं १९९४ सालीच अविवाहित मुलींना एकत्र कुटुंबात मुलासारखा हक्क दिला होता. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर लग्न झालेल्या मुलीलाही तो मिळाला. बाप त्या तारखेला जिवंत पाहिजे की नको, यावर वाद चालू होता. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टानं तो मिटवला : बाप जिवंत असण्याची अट नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी किंवा विक्री झाली असेल, तर ती उकरता येत नाही. मुस्लिम कुटुंबात वारसा त्यांच्या कायद्यानं चालतो. मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा, विधवेला मुलंबाळं असतील तर आठवा. कमी असेल, पण हिस्सा आहेच.

प्रत्यक्षात काय होतं? वारस नोंद करताना बहिणींची नावं 'इतर हक्कात' टाकली जातात किंवा वंशावळीतूनच गाळली जातात. नाहीतर दिवाळीला माहेरी आलेल्या बहिणीला गाडीत बसवून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, कागदात काय लिहिलंय ते न वाचता. स्वखुशीनं हक्क सोडला तर कुणाचं काही म्हणणं नाही. पण हक्कसोड नोंदणीकृतच लागते. तलाठ्यापुढं दिलेल्या जबाबानं किंवा साध्या बाँडवरच्या सहीनं बहिणीचा हिस्सा सुटत नाही. भाऊ वीस वर्षं कसतोय, एवढ्यानंही नाही. वंशावळीत खोटी माहिती देणं तर गुन्हा आहे. पुढं कधी महामार्गात जमीन गेली, जसा जालना-नांदेड द्रुतगती मार्ग आपल्या जिल्ह्यातून जातोय, की मावेजाची रक्कम दिसते आणि गाळलेली नावं कोर्टात उभी राहतात. तेव्हा पैसा अडकून पडतो तो सगळ्यांचाच.

जिवंत सातबाऱ्याची मर्यादा इथं दिसते. वारस लागले, नावं एकाची सात झाली, पण जमीन सामाईकच राहिली. कर्जाला सात सह्या, अनुदानाला सात सह्या. आमच्या मते मोहिमेचं अर्धंच काम झालंय. उरलेलं अर्धं म्हणजे वाटणी, आणि ती घरातूनच व्हावी लागते. सगळे राजी असतील तर महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून वाटप होतं. वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं मे २०२५ मध्ये घेतला, त्यामुळं खर्चाचं कारणही फारसं उरलं नाही. एक जण जरी अडला तरी मात्र दिवाणी कोर्ट, आणि तिथली वर्षं मोजायला बोटं पुरत नाहीत.

ज्यांची वारस नोंद अजून बाकी आहे त्यांनी मोहिमेची वाट बघू नये. मृत्यूचा दाखला, वंशावळीचं शपथपत्र आणि वारसांचे आधार घेऊन तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी, पण गावात तलाठीच) किंवा ई-हक्क वरून ऑनलाइन अर्ज करता येतो. कायदा तीन महिन्यांत कळवा म्हणतो. नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. नोटीस आली तर सही करून विसरू नका, वाचा. कुणाचं नाव राहिलंय ते तेव्हाच दिसतं.

जमीन विकत घेणाऱ्यांनी सातबाऱ्यावर आणखी एक ओळ बघावी : भोगवटादार वर्ग १ की वर्ग २. वर्ग १ म्हणजे मोकळी. वर्ग २ म्हणजे इनाम, सरकारनं वाटप केलेली वगैरे, जी परवानगीशिवाय विकता येत नाही. मराठवाड्यात मदतमास इनामाच्या जमिनी बऱ्याच आहेत. त्यांचा नजराणा २०२४ मध्ये सरकारनं ५ टक्क्यांवर आणला, तो भरून त्या वर्ग १ होऊ शकतात. देवस्थान, मशिदीच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमास जमीन मात्र वेगळी, तिचा व्यवहार करू नका. कुणी "साठेखत करू, पुढचं बघू" म्हणालं तर पैसे देण्याआधी फेरफार मागा.

राहिलं गावठाणातलं घर. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा, मालकीचा नाही. स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी होऊन सनद आणि मिळकत पत्रिका मिळते. ज्या गावात मोजणी झाली तिथं आपल्या पत्रिकेवर नाव, क्षेत्र आणि चारही बाजू बरोबर आहेत का ते बघून घ्या. चूक असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात आत्ताच अर्ज द्या, शेजाऱ्यानं भिंत बांधायला घेण्याआधी.